डेम्लो संख्या आणि हातच्याची मर्यादा

नवी मुंबईच्या ईशान्येस वसलेले डोंबिवली हे शहर आज उपनगरी गाड्यांच्या गर्दीसाठी ख्यात आहे; अंकगणितात मात्र त्याचे नाव निराळ्याच कारणाने शिल्लक राहिले आहे. जी. आय. पी. रेल्वेच्या काळी डेम्लो म्हणविल्या जाणाऱ्या या स्थानकावर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांस संख्यांच्या एका कुलाची कल्पना सुचली, व स्थानकाचेच नाव त्यांनी त्या कुलास दिले. 'अद्भुत डेम्लो संख्यां'वरील त्यांचे टिपण १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या कुलातील सर्वांत डौलदार संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ ही होय. ती १११११११११ चा वर्ग आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग, भरते. मधला ९ वगळून डावीकडील १२३४५६७८ व उजवीकडील ८७६५४३२१ यांची बेरीज केली, तर ९९९९९९९९ येते. मधलाच अंक आठ वेळा उमटतो. १११११११११ चे मूळ अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७ असल्यामुळे या सतरा अंकी संख्येत ३ हा अवयव चार वेळा, तर उरलेले दोन प्रत्येकी दोनदा येतात.

या चमत्काराचे रहस्य शाळेतील गुणाकारात आहे. एककांच्या नऊ ओळी एकेक घर सरकवून मांडल्या, की स्तंभांतील बेरजा १ पासून ९ पर्यंत चढतात व पुन्हा उतरतात. कोठेही हातचा येत नाही. दहा एककांचा वर्ग करताच मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा डावीकडे सरकतो, आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. चढणीतील आठाचा अंक नाहीसा होतो.

कापरेकर हे १९३० ते १९६२ या काळात देवळाली येथे शाळाशिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या शिक्षकाचे संशोधन अनेक भारतीय गणितज्ञांनी क्षुल्लक मानले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ च्या मार्चमध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. असे गुणधर्म दशमान लेखनाचे आहेत, संख्येचे नव्हेत, हा आक्षेप अशा संशोधनावर नेहमी घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. अष्टमान पद्धतीत सात एककांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच लिहिला जातो. पाया बदलला तरी नियम टिकतो. केवळ मर्यादा पायाहून एकाने कमी, अशी सरकते.

शिवाय कापरेकरांनी व्याख्या वर्गांपुरती आखली नव्हती. १६५, २५५३, ४७७७३ यांनाही त्यांनी डेम्लो संख्याच म्हटले, कारण टोकांच्या अंकांची बेरीज येथेही मध्यभागी उमटते: ४ आणि ३ मिळून ७. या अनुक्रमे १५ × ११, २३ × १११ व ४३ × ११११ आहेत. ८५ × १११ घेतल्यास मात्र आठ व पाचाचे तेरा होतात, हातचा येतो, आणि हाती ९४३५ उरतात.