एन्लार्जिंग ईझल: निगेटिव्ह लहान होत गेली तशी घडलेली चौकट

डार्करूममध्ये एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, छपाईचा कागद सपाट धरणारे आणि त्याच्या कडा झाकून पांढरा समास राखणारे साधन म्हणजे ईझल. छायाचित्रणाच्या आरंभकाळात त्याची गरज नव्हती. इंग्रज संशोधक टॅलबटने १८४१ साली पेटंट घेतलेल्या कॅलोटाइप या कागदी निगेटिव्हच्या पद्धतीमध्ये आणि पुढे काचेच्या निगेटिव्हमध्येही प्रत निगेटिव्हच्याच आकाराची निघे. कागद निगेटिव्हला भिडवून काचेच्या चौकटीत दाबायचा आणि ती चौकट उन्हात ठेवायची, एवढेच काम असे. मोठी प्रत हवी तर कॅमेराही मोठा लागे.

प्रत निगेटिव्हपेक्षा मोठी करण्याचा, म्हणजे वर्धनाचा, प्रयत्न सूर्यप्रकाशाच्या बळावर सुरू झाला. बाल्टिमोरचा चित्रकार डेव्हिड वुडवर्ड याने १८५७ साली ‘सोलर कॅमेरा’चे पेटंट घेतले. आरसा सूर्याच्या मागे फिरवत प्रकाश निगेटिव्हमधून समोरच्या कागदावर पाडला जाई. त्या काळचे कागद मंद असल्याने एकेका प्रतीला तासन्‌तास लागत. अशा फिकट मोठ्या प्रतींवर पुष्कळदा चित्रकार रंगकाम करत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जिलेटिनयुक्त ब्रोमाइड कागद आला आणि चित्र पालटले. तो इतका वेगवान होता की दिव्याच्या प्रकाशातही वर्धन करता येऊ लागले. सुरुवातीचे एन्लार्जर आडवे असत. त्यांच्यासमोर उभ्या फळ्यावर टाचण्यांनी कागद लावत आणि फळा मागेपुढे सरकवून आकार ठरवत. पुढे उभे एन्लार्जर आले आणि कागद खालच्या पाटावर आडवा झाला. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा लोकांसमोर आला. त्याची २४ × ३६ मिलिमीटरची निगेटिव्ह मोठी केल्याशिवाय नीट पाहताही येत नसे. वर्धन ही नित्याची गरज झाली आणि ईझल डार्करूममधले अनिवार्य साधन ठरले.

ईझलचे मुख्य प्रकार तीन. पहिला ठरावीक मापाचा. अमेरिकेतल्या ‘स्पीड-ईझल’सारख्या या ईझलमध्ये कागद सरकवला की लगेच छपाई करता येते, म्हणून एकाच मापाच्या अनेक प्रतींसाठी तो सोयीचा. दुसरा कागदाच्या कडा झाकणाऱ्या दोन पात्यांचा. त्यात दोन बाजूंचे समास जवळपास ठरलेले असतात आणि उरलेल्या दोन बाजूंची पाती सरकतात. तिसरा चार पात्यांचा. त्यात प्रत्येक बाजू स्वतंत्रपणे हलवता येते. सॉन्डर्स कंपनीची ईझले याच प्रकारासाठी नावाजली गेली.

चार पात्यांचे महत्त्व मापांच्या विसंगतीत आहे. ३५ मिलिमीटर निगेटिव्हचे प्रमाण २:३, तर ८ × १० इंची कागदाचे ४:५. कागद पूर्ण भरायचा तर निगेटिव्हचा काही भाग कापावा लागतो. संपूर्ण चौकट हवी असेल तर ६ × ९ इंचाचे चित्र घेऊन लांबीच्या दोन्ही टोकांना अर्धा इंच आणि रुंदीच्या दोन्ही बाजूंना एक इंच समास सोडता येतो. दोन पात्यांच्या ईझलवर असे मध्यभागी बसलेले चित्र मिळवणे कठीण जाते.

ईझलच्या तळाच्या रंगाचाही प्रतीवर परिणाम होतो. पांढऱ्या तळावर चित्र रचणे सोपे, पण पातळ कागदातून आरपार गेलेला प्रकाश त्यावरून परतून कागद मागून उजळवतो. पिवळा तळ निळा प्रकाश शोषतो, म्हणून साध्या ब्रोमाइड कागदासाठी तो पुरेसा ठरला. इल्फर्ड कंपनीने १९४० साली आणलेल्या मल्टिग्रेडसारखे बदलत्या कॉन्ट्रास्टचे कागद मात्र हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देतात. त्यांच्यासाठी काळा तळ अधिक सुरक्षित.

वापराची रीत ठरलेली आहे. प्रथम पाती हव्या मापाला लावायची, मग त्याच जाडीचा जुना कागद ठेवून त्यावर ग्रेन मॅग्निफायरने फोकस साधायचा. भिंगाचे छिद्र दोन-तीन टप्पे बारीक केले की सपाटपणातली थोडी उणीव झाकली जाते. त्यानंतर सेफलाइटच्या उजेडात खरा कागद बसवायचा. चित्राचा एखादा भाग हाताच्या सावलीने उजळ राखताना किंवा जास्त प्रकाश देऊन गडद करताना ईझल हलता कामा नये. म्हणूनच वजनदार बूड आणि खाली रबराचे पाय हे चांगल्या ईझलचे लक्षण मानले जाते. फायबर कागद वळतो, त्याला घट्ट दाब लागतो. १९७०च्या दशकात प्रचारात आलेला प्लॅस्टिकच्या थराचा आरसी कागद तुलनेने सपाट राहतो. भव्य प्रतींसाठी हवा ओढून कागद तळाला चिकटवणारी व्हॅक्यूम ईझले वापरली गेली.

आज ईझल बहुधा जुनेच मिळते. घेताना पाती गुण्याने तपासावीत. चारही कोपरे काटकोनात यायला हवेत, कारण वाकडे पाते प्रत्येक प्रतीवर वाकडी कड उमटवते. कागद दाबून धरणारी बिजागरी आणि मापाची पट्टीही पाहावी. एकाच मापाच्या प्रती काढणाऱ्याला ठरावीक मापाचे ईझल पुरते. चित्राची कड स्वतः ठरवू इच्छिणाऱ्याने मात्र आपल्या सर्वांत मोठ्या कागदाला पुरेल असे चार पात्यांचे जड ईझलच घ्यावे.