ज्यूरीच्या बाकावर कोण?

गुन्हा शाबीत झाला की नाही हे कोणी ठरवावे? कायद्याचे अध्ययन केलेल्या न्यायाधीशाने, की आरोपीच्याच समाजातून निवडलेल्या सामान्य माणसांनी? या जुन्या प्रश्नाला इंग्लंडने दिलेले उत्तर म्हणजे ज्यूरी. इंग्रजांबरोबर ती हिंदुस्थानात आली आणि १९७३ च्या फौजदारी कार्यसंहितेत तिला जागा उरली नाही. नानावटी खटल्यातील ज्यूरीने भावनेच्या भरात निर्णय दिला आणि त्यामुळे ही पद्धत बुडाली, अशी समजूत रूढ आहे. इतिहास पाहिला तर मात्र ज्यूरीचे दुखणे बरेच जुने होते असे दिसते. ते तिच्या निवडीत होते.

दहा माणसांनी मिळून निवाडा करावा ही कल्पना मराठी मुलुखाला नवी नव्हती. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचे, हद्दीचे, वारशाचे तंटे गोतसभेपुढे जात. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, बलुतेदार एकत्र बसत. निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि त्यावर साऱ्यांच्या निशाण्या पडत. सभेचा निर्णय मान्य करू, असे वादी-प्रतिवादी आधी लिहून देत. स्थानिक गोताविषयी शंका असेल तर परस्थळी निवाडा व्हावा अशी मागणीही करता येई. ही सभा वतनदारांची होती, सर्वांची नव्हे. पण निवाडा करणाऱ्यांना वादाची भाषा, जमीन आणि माणसे ठाऊक असत. पेशवाईच्या अस्तानंतर १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात पंचायतीचे दोष दाखविले, तरी ती टिकवावी असेच मत दिले. नव्या न्यायालयांच्या वाढत्या पसाऱ्यात ती हळूहळू मागे पडली.

इंग्रजांची ज्यूरी मात्र आरंभापासूनच भेद घेऊन आली. १८२६ च्या कायद्याने इलाख्यांच्या राजधान्यांत हिंदू-मुसलमानांना ज्यूरीत प्रवेश मिळाला. पण ख्रिस्ती आरोपीचा न्याय करण्याचा अधिकार ख्रिस्ती ज्यूरीलाच राहिला. राजा राममोहन रॉय यांनी याचा निषेध केला आणि १८३२ साली तो भेद कायद्यातून गेला. पुढे तो वर्णाच्या रूपाने परत आला. इल्बर्ट बिलावरून युरोपीयांनी रण माजविले, तेव्हा १८८४ च्या तडजोडीने जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढेही निम्मे सभासद युरोपीय वा अमेरिकन असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क त्यांना मिळाला. आपल्या बरोबरीच्या माणसांकडून न्याय मिळावा, हे तत्त्व त्यांना पुरते मान्य होते. फक्त ते इतरांना लागू करायचे नव्हते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबई हायकोर्टात घडले. १८९७ साली ‘केसरी’तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी दीड वर्षाची शिक्षा दिली. १९०८ साली पुन्हा खटला उभा राहिला आणि सरकारने स्पेशल ज्यूरीची मागणी केली. टिळकांच्या वतीने जोसेफ बॅप्टिस्टा यांनी हरकत घेतली: लेख मराठी आहेत, स्पेशल ज्यूरीत युरोपीयांचे बहुमत होईल आणि त्यांना मराठी कळणार नाही. न्यायमूर्ती दावर यांनी सरकारची मागणी मान्य केली. सात युरोपीय आणि दोन पारशी गृहस्थ बाकावर बसले. टिळकांनी एकवीस तासांहून अधिक काळ स्वतः बचाव केला. त्यातील बराच भाग मराठी शब्दांचे अर्थ आणि भाषांतरातील चुका दाखविण्यात गेला. २२ जुलैच्या रात्री निर्णय आला: सात विरुद्ध दोन. शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची. ती मंडालेस भोगावी लागली. बॅप्टिस्टांनी वर्तविलेली विभागणीच अखेर मोजणीत उतरली.

जिल्ह्यांतील स्थिती निराळी होती. सरकार ठरवील तेथेच, ठरवील त्याच गुन्ह्यांसाठी ज्यूरी बसे. इतरत्र असेसर असत. त्यांचे मत न्यायाधीशाने ऐकावे, पण मानलेच पाहिजे असे नाही. १९५५ साली तेही गेले. शिवाय ज्यूरीचा निर्णय न पटल्यास सेशन्स जज्ज प्रकरण हायकोर्टाकडे पाठवू शके. इंग्लंडात ज्यूरीने सोडलेला आरोपी सुटला. येथे तो सुटेलच अशी खात्री नव्हती.

नानावटी खटल्यात नेमके तेच झाले. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांच्या गोळ्यांनी प्रेम आहुजा मरण पावले. वृत्तपत्रांनी आणि रस्त्यावरील गर्दीने वातावरण तापविले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीस निर्दोष ठरविले. जज्ज रतिलाल मेहता यांना ते पटले नाही. हायकोर्टाने १९६० साली जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्यूरीला कायदा समजावून सांगताना जज्जांकडूनच गंभीर चुका झाल्या, हे वरिष्ठ न्यायालयाच्या निर्णयाचे महत्त्वाचे अंग होते. आरोपीने कोणती बाब सिद्ध करावयाची, हेच त्या नऊ जणांना नीट सांगितले गेले नव्हते.

मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने ज्यूरी बंद करावी अशी शिफारस १९५८ साली, म्हणजे या खटल्याच्या आदल्या वर्षीच, केली होती. तिच्या बाजूला सबळ युक्तिवाद होता. न्यायाधीश आपल्या निर्णयाची कारणे लिहितो, ती वरच्या न्यायालयात तपासता येतात. ज्यूरी एका शब्दात उत्तर देते आणि उठते. जातीपातींत विभागलेल्या समाजात नऊ निःपक्षपाती माणसे शोधणेही सोपे नव्हे. तरी दुसरी बाजू उरतेच. पारशी विवाहविषयक न्यायालयांत समाजाचे प्रतिनिधी न्यायाधीशाबरोबर बसण्याची तरतूद टिकून राहिली, यावरून ही कल्पनाच येथे परकी होती असे म्हणता येत नाही. आरोपीची भाषा जाणणारे, त्याच्या जीवनाची ओळख असलेले आणि सत्तेच्या मर्जीने न निवडलेले नागरिक बाकावर बसले असते तर काय झाले असते, याची कसोटी या देशात पुरती कधी लागलीच नाही. म्हणून ज्यूरीला दोष देताना, तिच्या याद्या कोणी केल्या आणि कोणाला वगळून केल्या, हेही विचारणे न्यायाला धरून होईल.