प्राउट, सॅम्युएल
(१७ सप्टेंबर १७८३–१८५२). इंग्रज जलरंगचित्रकार. यूरोपातील जुनी चर्चे व त्यांना बिलगलेल्या शांत गल्ल्या हा त्याचा खास विषय. जन्म प्लिमथ येथे. १८०१ मध्ये जॉन ब्रिटन या पुरावास्तुविषयक लेखकाबरोबर तो कॉर्नवॉलला गेला. पण तेथील वास्तूंचे यथादर्शन त्यास साधेना. पुढे वास्तुचित्रणातच त्याने नाव मिळवावे, हे नवल होय. नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्रजांना जवळजवळ बंद झालेले यूरोप खंड १८१५ नंतर खुले झाले. १८१९ मध्ये प्राउट नॉर्मंडीत गेला, तो तेथील गॉथिक वास्तूंनी भारावूनच परतला. नंतर त्याने जर्मनी, इटली इ. देशांत प्रवास केला. जागेवर पेन्सिलीने आरेखन करावयाचे आणि घरी बोरूने तुटक तपकिरी रेषा काढून पातळ रंगलेप द्यावयाचे, ही त्याची पद्धत. झिजलेला दगड व कललेले लाकडी सज्जे या रेषेत जिवंत होतात. पायथ्याशी असलेला बाजारकरणींचा घोळका वास्तूच्या उंचीची कल्पना देतो. मात्र ही रेषा सर्वच दगडांना सारखे जर्जर करते; शिल्पांकनाच्या तपशिलाकरिता तिच्यावर विसंबता येत नाही. ही मर्यादा जाणूनही कलासमीक्षक जॉन रस्किनने त्याचा गौरव केला. १८३३ मध्ये प्राउटच्या शिलामुद्रितांचा संग्रह पाहूनच चौदा वर्षांच्या रस्किनचे कुटुंब यूरोपच्या प्रवासास निघाले होते. प्राउटने रंगविलेले जुने न्यूरेंबर्ग २ जानेवारी १९४५ च्या हवाई हल्ल्यात बेचिराख झाले. तेथील प्रमुख चर्चे पुन्हा उभारण्यात आली. त्यांच्याभोवतीची बरीचशी जुनी घरे मात्र आता चित्रांतच पाहावी लागतात.