पुंगीविना पुंगी

आमच्या संगीताचा इतिहास लिहिणारे गायकांचीं घराणीं सांगतात, संगीतदिग्दर्शकांचीं नांवें सांगतात. परंतु ज्या नादानें श्रोत्यांची मान डोलली तो घडविला कोणीं, हें विचारावयाचें त्यांस क्वचितच सुचतें. १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटाचेंच पाहा. त्या वेळीं आमचें जालना हैदराबाद राज्यांत होतें. मुंबईपासून येथपर्यंत ज्यांनीं ती पुंगी ऐकली, त्यांतील बहुतेकांस ती खऱ्या गारुड्याचीच वाटली असल्यास नवल नाहीं. वस्तुतः ती पुंगी नव्हतीच. गिरगांवांत वाढलेल्या कल्याणजी वीरजी शाह यांनीं क्लॅव्हिओलीन नांवाच्या विजेच्या वाद्यावर ते सूर वाजविले व रवि यांनीं हार्मोनियमची जोड दिली. पारितोषिक संगीतदिग्दर्शक हेमंतकुमार यांस मिळालें. तें अयोग्य होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण नादाचे शिल्पकार मात्र मागेंच राहिले.

फ्रान्समधील कॉन्स्टन्ट मार्टिन यांनीं १९४७ त हें वाद्य काढलें. त्यांत ना तार, ना पितळी पत्ती. विजेचें एक मंडल प्रवाहास ठराविक वेगानें हेलकावे देतें, तेंच पुढें कर्ण्यांतून ऐकूं येतें. या मंडलास ऑसिलेटर म्हणतात. हेलकाव्याचा जसा आकार, तसा नादाचा गुण. तंबोऱ्याशीं परिचय असणारास हें समजणें अवघड नाहीं. षड्जाच्या तारेंतून स्वयंभू गंधार उमटतो, कारण मूळ आंदोलनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पांचपट आंदोलनेंही चालूं असतात. तिपटींत पंचम, पांचपटींत गंधार. करवतीच्या दात्यांसारख्या तरंगांत हे सर्व उपस्वर उतरत्या बळानें हजर असतात. चौकोनी तरंगांत केवळ विषम पटींचे असतात, म्हणजे पंचम व गंधार आहेत पण वरचा षड्ज नाहीं. म्हणून तो पोकळ, नळींतून आल्यासारखा वाटतो. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून कोणते उपस्वर उठवावयाचे हें जसें ठरतें, तसें कोणते दाबावयाचे हें येथें फिल्टर ठरवितो. क्लॅव्हिओलीनवर एका वेळीं एकच स्वर वाजे. पण गाळणीच्या कळा होत्या, स्वरास कंप देण्याची सोय होती, आणि तेवढ्यांतून कल्याणजींनीं पुंगीचा तो नाकांतला, तीव्र आवाज बाहेर काढला.

पुढें १९८२ त मुंबईतच चरणजित सिंग या चित्रपट-वादकानें भैरव, ललत, तोडी, यमन इत्यादि दहा राग नव्या जपानी वाद्यांवर वाजवून तबकडी काढली. त्यांतील रोलंड ज्युपिटर-८ मध्यें आठ स्वर एकत्र वाजत व प्रत्येकामागें दोन ऑसिलेटर असत. एकाचा करवती व दुसऱ्याचा चौकोनी तरंग हव्या त्या प्रमाणांत मिसळतां येई. दोघांच्या आंदोलनांत किंचित् अंतर ठेविलें कीं नादांत लाट उठते. तंबोरा लावणारा जोडींतली हीच लाट कानानें हेरून नाहींशी करतो. येथें ती मुद्दाम राखतां येते.

तबकडी फारशी खपली नाहीं. २०१० त हॉलंडांत ती पुन्हा निघाली, तेव्हां शिकागोंत १९८७ च्या सुमारास रूढ झालेल्या नृत्यसंगीताचें हें पूर्वचिन्ह, असा गवगवा झाला. या साम्यास आम्ही योगायोगापलीकडे महत्त्व देत नाहीं. शिकागोची पावती मिळाल्यावांचून आपल्या माणसाची किंमत आपणांस कळूं नये, हें मात्र खटकतें. सिंगांचा प्रश्न घरचाच होता. पट्टीच्या वाद्यावर मींड येत नाहीं. ज्या आक्षेपांवरून ऑल इंडिया रेडिओनें १९४० त हार्मोनियमला दार बंद केलें, त्यांतील हा एक मोठा आक्षेप. सिंगांनीं वापरलेल्या टीबी-३०३ या छोट्या यंत्रांत एकच ऑसिलेटर होता, तरंग करवती किंवा चौकोनी. पण त्यांत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची युक्ति होती. यंत्रकर्त्यांनीं ती खर्जाच्या गिटारची नक्कल करण्यासाठीं केलेली; सिंगांच्या हातीं ती रागाच्या साथीस आली.

सिंग २०१५ त मुंबईत वारले. त्यापूर्वीं, सत्तरी उलटल्यावर, युरोपांत जाऊन त्यांनीं तेच राग रंगमंचावर वाजविले.