'जीएसटी' नावाची कमांड

रात्री दोनला सर्व्हर पडला. मी घाईघाईत लॉगिन केलं आणि सवयीने 'जीएसटी' टाइप केलं. उत्तर आलं, अशी कमांडच नाही. इथे जीएसटी म्हणजे कर नव्हे, 'गिट स्टेटस'चं लघुरूप. तीन वर्षं मी ते रोज वापरत होतो आणि ते गिटनेच दिलंय असं धरून चाललो होतो. पूर्ण कमांड आठवेपर्यंत घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी शोध घेतला. ते आलं होतं 'ओह माय झेडएसएच'मधून.

झेडएसएच हे शेल १९९० साली प्रिन्स्टनमधल्या पॉल फालस्टॅड या विद्यार्थ्याने लिहिलं. नाव घेतलं तिथल्याच झोंग शाओ या शिकवणी-सहायकाच्या लॉगिन आयडीवरून. शेल ताकदवान होतं, पण ते आपल्या सोयीचं करायचं तर एक भलीमोठी सेटिंगची फाईल लिहावी लागे. लोक ती एकमेकांकडून कॉपी करत. त्यातल्या निम्म्या ओळी कशासाठी आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसे.

२००९मध्ये पोर्टलंडच्या रॉबी रसेलने आपली अशीच फाईल सहकाऱ्यांना वापरता यावी म्हणून तिचे छोटे तुकडे केले आणि ते गिटहबवर ठेवले. मग अनोळखी लोक आपापले तुकडे पाठवू लागले. आता प्रश्न आला: यातलं सगळ्यांना काय द्यायचं, आणि मागेल त्यालाच काय?

हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातही असतो. मोहरी, हळद, जिरं मिसळणाच्या डब्यात. दगडफूल फडताळात, लागेल तेव्हा काढायचं. ओह माय झेडएसएचमध्ये 'लिब' हा मिसळणाचा डबा: कमांडचा इतिहास, कीबोर्डच्या कळा, टॅब दाबल्यावर पूर्ण होणारे शब्द. 'प्लगइन्स' हे फडताळ. त्यात आज तीनशेहून जास्त बरण्या आहेत. नवं टर्मिनल उघडलं की आधी लिबमधल्या फाईली वाचल्या जातात, मग आपण यादीत लिहिलेली प्लगइन्स, मग आपलं स्वतःचं 'कस्टम' फोल्डर. शेवटी वाचलेलं आधीच्यावर मात करतं, म्हणून आपला शब्द अखेरचा. मूळ फाईलला हात लावावा लागत नाही, त्यामुळे अपडेट आला तरी आपलं लिहिलेलं टिकतं.

मग जीएसटी मी कधी मागितलं होतं? मागितलंच नव्हतं. नव्याने इन्स्टॉल करताना मिळणाऱ्या यादीत एक नाव आधीच लिहिलेलं असतं: गिट. एवढी बरणी फडताळातून काढून आपल्यापुढे ठेवलेली असते. थीमचंही तेच. तुम्ही बदलली नाहीत, तर टर्मिनलला जी मिळते तिचं नाव 'रॉबीरसेल'. जगभरातले कितीतरी प्रोग्रामर एका माणसाच्या आवडीचा बाण बघत काम करतात.

मला त्याचा राग नाही. यादी बदलायची मुभा पहिल्या दिवसापासून होती. मी ती फाईल उघडूनच पाहिली नव्हती. त्या आठवड्यात गिटच्या प्लगइनची फाईल वरपासून खालपर्यंत वाचली. दीडशेहून जास्त लघुरूपं होती, त्यातली मी सात वापरत होतो. ती सात कस्टममध्ये स्वतःच्या हाताने लिहिली आणि यादीतून गिट काढून टाकलं.

सर्व्हरवर मात्र आता पूर्ण 'गिट स्टेटस' टाइप करतो.