बंदूक खाली ठेवल्यावर

दिवाळीची सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी भूगोलाच्या तासाला कोणाचे लक्ष फळ्यावर नसते. मीही नकाशा गुंडाळू लागलो होतो. तेवढ्यात एका मुलाने आफ्रिकेच्या पोटावर बोट ठेवून विचारले, "गुरुजी, इथला गोरिला माणसाला उचलून नेतो, हे खरे का?" वर्ग हसला. त्याने कोठला तरी जुना सिनेमा पाहिला असावा. मी नकाशा पुन्हा उलगडला आणि सांगू लागलो. तीच हकिकत येथे वाचकांसाठी लिहितो.

काँगो, रुआंडा आणि युगांडा या तीन देशांच्या सीमा जेथे भिडतात तेथे व्हिरुंगा नावाची ज्वालामुखी पर्वतांची रांग आहे. ऑक्टोबर १९०२ मध्ये रॉबर्ट फॉन बेरिंगे हा जर्मन लष्करी अधिकारी तेथील साबिन्यो पर्वतावर चढत असताना त्याला काही मोठी काळी वानरे दिसली. त्याने लगेच गोळी घातली. पहाडी गोरिलाची युरोपला ओळख झाली ती अशी, आणि शास्त्रज्ञांनी त्या जातीला नाव दिले तेही मारणाऱ्याचेच!

पुढे १९२१ साली कार्ल एकली नावाचा अमेरिकन त्याच डोंगरात आला. न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी त्याला पेंढा भरावयाला गोरिले हवे होते. त्याच्याजवळ बंदूक होती, तसाच स्वतः शोधून काढलेला चलच्चित्रांचा कॅमेराही होता. त्याने दोन्ही वापरली. परंतु मेलेल्या गोरिलाच्या चेहऱ्याकडे पाहताना आपण खून केला असे त्याला वाटू लागले, आणि हे त्याने पुढे प्रामाणिकपणे लिहूनही ठेवले. परत गेल्यावर त्याने बेल्जियमचा राजा आल्बर्ट याच्याकडे या प्राण्यांच्या रक्षणाचा आग्रह धरला, कारण काँगो तेव्हा बेल्जियमच्या ताब्यात होता. १९२५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. आफ्रिकेतील हे पहिले. १९२६ मध्ये एकली पुन्हा आला आणि मिकेनो पर्वताच्या उतारावर आजारी पडून वारला. त्याला तेथेच, काबारा नावाच्या माळावर पुरले.

त्याच काबाराच्या माळावर १९५९ साली जॉर्ज शालर हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ राहावयास आला. तो हत्यार न घेता रानात जाई, गोरिलांना दिसेल असा उघड्यावर बसे आणि हलत नसे. तेव्हा त्याला काय दिसले? रानटी सेलरी, खाजकुयलीसारख्या झोंबऱ्या वनस्पती आणि बांबूचे कोंब खाणारी शांत कुटुंबे. पाठीवर रुपेरी केस आलेला नर त्यांचा कर्ता. संध्याकाळ झाली की जो तो पाने-फांद्या मोडून आपला बिछाना करी. छाती बडविणे, धावून येणे हे बहुतेक वेळा नुसते भिववण्यासाठी.

१९६७ मध्ये डायन फॉसी तेथे आली आणि पुढे रुआंडाच्या बाजूस कारिसोके येथे ठाणे मांडून राहिली. एकेका गोरिलाच्या नाकावरील सुरकुत्यांवरून ती त्याला ओळखे. तिचा लाडका डिजिट १९७७ च्या अखेरच्या दिवशी आपल्या कळपाला निसटू देता देता चोरट्या शिकाऱ्यांच्या भाल्यांना बळी पडला. डिसेंबर १९८५ मध्ये तिचाही तिच्या झोपडीत खून झाला. डिजिटच्या शेजारीच तिची कबर आहे.

त्या सुमारास व्हिरुंगात जेमतेम अडीचशे गोरिले उरले होते. आज युगांडातील ब्विंडीचे दाट अरण्य धरून त्यांची संख्या हजारावर गेली आहे. त्यांच्या रक्षणासाठी अनेक वनरक्षकांनी प्राण दिले. खर्चाचा मोठा भार पाहुण्यांवर आहे. वाटाडे सकाळी आदल्या रात्रीचे बिछाने शोधतात आणि माग काढीत कळपापर्यंत नेतात. एका वेळी आठच माणसे, तीही एकच तास. पाहुण्याला पडसे असेल तर त्याला मागे राहावे लागते, कारण आपले पडसे गोरिलाच्या जिवावर बेतू शकते. रुआंडाने २०१७ पासून या एका तासाचे दर माणशी दीड हजार डॉलर ठरविले.

येथवर ऐकून मुले खूश झाली. पण गोष्ट येथे संपवली असती तर मी मास्तरकीला जागलो नसतो. ब्विंडीच्या अरण्यात बाट्वा नावाचे ठेंगणे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. मध, कंद, औषधे, देव, सारे त्यांना त्या झाडीत मिळे. १९९१ साली ब्विंडीचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. जमिनीचा कागद त्यांच्याजवळ कोठला असणार? ज्यांचे रान, ते शेजाऱ्यांच्या शेतांवर मजुरीला लागले.

"मग त्यांचे काय झाले?" त्याच मुलाने विचारले. या वेळी वर्ग हसला नाही.

मी सांगितले, की ते न्यायालयात गेले. २०२१ साली युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने निर्णय दिला, की भरपाई न देता त्यांना काढले हा अन्याय होता. आणि भरपाई काय द्यावी हे ठरविण्याचे काम दुसऱ्या न्यायालयाकडे सोपविले. घर गेल्यावर तीस वर्षांनी एवढा शब्द त्यांच्या पदरात पडला.

घंटा झाली. मुले फटाक्यांच्या गप्पा करीत पांगली. तो मुलगा मात्र नकाशा गुंडाळावयास थांबला. गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "गुरुजी, म्हणजे गोरिला कोणाला उचलून नेत नाही. माणूसच माणसाला उचलून बाहेर ठेवतो."

त्याच्या मूळ प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला देता आले नसते.