मेलेला जंतू की निपचित पडलेला?

आजाऱ्याच्या खोलीतील लादी फिनाइलने पुसली की आपण निर्धास्त होतो. परंतु जंतू खरोखरच मेले, हे कोणी आणि कसे ठरविले, याची विचारपूस आपण सहसा करीत नाही. तो इतिहास आम्हांस बोधप्रद वाटतो.

१८८१ साली बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी एक सुटसुटीत रीत योजली. काळपुळीच्या जंतूंचे बीजाणू रेशमाच्या धाग्यांवर वाळवायचे, ते धागे जंतुनाशकात ठरावीक वेळ बुडवायचे आणि मग पोषक द्रव्यावर ठेवून वाढ होते का ते पाहायचे. कार्बॉलिक आम्लाला हे चिवट बीजाणू सहजी दाद देईनात. मर्क्युरिक क्लोराइड हा पाऱ्याचा क्षार मात्र अत्यंत प्रभावी ठरला.

१८८९ साली गेपर्ट यांनी या निष्कर्षातील उणीव दाखविली. बीजाणूंबरोबर पाऱ्याचा अंशही पोषक द्रव्यात जात होता. अमोनियम सल्फाइडने तो निष्प्रभ करताच, मेलेले समजलेले बीजाणू पुन्हा वाढू लागले! त्यांची वाढ केवळ खुंटली होती. हा भेद क्षुल्लक नव्हता. शल्यवैद्य ज्या हत्यारांना निर्जंतुक मानीत, ती तशी नसण्याचा संभव होता.

पुढे १९०३ मध्ये लंडनच्या रिडील आणि वॉकर यांनी कार्बॉलिक आम्ल, म्हणजेच फिनॉल, हेच माप मानले. फिनॉलचे शंभरपट पातळ द्रावण जितक्या वेळात विषमज्वराचे जंतू मारते, तितक्याच वेळात एखाद्या औषधाचे हजारपट पातळ द्रावण ते मारीत असेल, तर त्याचा गुणांक १०. आपल्याकडील फिनाइलच्या संदर्भात 'आर. डब्ल्यू. सी.' ही अक्षरे आढळतात, ती याच दोघांच्या नावांची.

तथापि हे माप स्वच्छ पाण्यातले होते. १९०८ मध्ये हॅरिएट चिक आणि चार्ल्स मार्टिन यांनी चाचणीत विष्ठेसारखे मलद्रव्य मिसळले, तेव्हा अनेक औषधांचे बळ उणावलेले दिसले.

औषधाचा उरलेला अंश निष्प्रभ करूनच जंतूंची मोजदाद करावी, हा गेपर्ट यांचा धडा प्रयोगशाळा आजही पाळतात. चिक आणि मार्टिन यांचा धडा आपल्या घरासाठी आहे: आधी घाण धुवून काढावी, मगच फिनाइल वापरावे.